माझ्या नावाने ती आत गेली

त्या वर्षी मी पंचेचाळीसची होते आणि स्वतःला फार शूर समजत होते. नाशिक रोडच्या आमच्या सरकारी कॉलनीत कोणाच्या न्हाणीघरात साप निघाला की मला हाक यायची. साप मी एकही मारला नाही, पण काठी कोणी धरायची आणि दार कोणी अडवायचं हे मोठ्या आवाजात सांगायचे. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना तर मी व्याख्यानच द्यायचे, "अगं, स्वतःच्या तब्येतीकडे बघा जरा. डॉक्टरसमोर कसली आलीय लाज?" बायका माना डोलवायच्या, मीही स्वतःवर खूश. आज ती बाई भेटली तर तिच्या पाठीत एक धपाटा घालीन.

कारण तिची वेळ आली तेव्हा ती काय करून बसली, ते ऐका.

यांच्या ऑफिसातून एक कागद आला. कर्मचाऱ्यांच्या चाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठी स्तनाच्या कॅन्सरची तपासणी. शहरातला एक खाजगी दवाखाना, तिथे यंत्राने फोटो काढणार, वैद्यकीय कार्ड दाखवलं की झालं. आमच्या घरात असले शब्द मोठ्याने उच्चारायची पद्धत नव्हती. यांनी कागद माझ्या चहाच्या बशीखाली सरकवला आणि पेपर तोंडासमोर धरून म्हणाले, "तारीख दिलीय. जाऊन ये."

मी चहा तसाच बाजूला ठेवला. माझ्या आईला छातीत डाव्या बाजूला गाठ झाली होती. तिने ती तीन वर्षं पदराआड ठेवली, आम्हाला कळली ती वास यायला लागल्यावर. शेवटचे महिने तिची पट्टी मी बदलायचे. तेव्हापासून माझं एक गणित होतं, शोधलंच नाही तर सापडणार कसं? आंघोळीला मी डाव्या बाजूला साबणसुद्धा घाईघाईने लावायचे, चटका बसल्यासारखा. आणि हीच बाई हळदीकुंकवाला व्याख्यान देत होती!

कॉलनीतली कोणी बरोबर नको होती, माझी फजिती तिने चारचौघींत सांगितली असती. म्हणून मी आमच्याकडे भांडी घासायला येणारीला म्हटलं, "भांडी राहू दे आज. माझ्याबरोबर शहरात चल. येताना मिसळ खायला घालते."

तिला सगळी कॉलनी पेठवाली म्हणायची. पेठ तालुक्यातल्या डोंगरातला तिचा पाडा. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर बांधकामावर नाशिकला यायची, आषाढात भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, परत जायची. वय विचारलं तर म्हणायची, "नागली कापत व्हते तवा झाले, आई सांगायची." साल कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान असावी. मी दिवाळीला दिलेली पोपटी साडी नेसून, पाय खसाखसा धुऊन ती निघाली. तो रंग मला आवडत नव्हता म्हणून तिला दिला होता, तिला मात्र तो माझ्यापेक्षा कितीतरी शोभायचा.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही सात-आठजणी होतो. सगळ्यांच्या मांडीवर पर्स आणि पर्समध्ये कार्ड. माझ्या कार्डावर कुटुंबाचा फोटो होता, मुलं लहान असतानाचा. त्यात माझा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा, डोक्यावर पदर. आतून एक बाई ब्लाउजची बटणं लावत आली आणि कोणी न विचारता म्हणाली, "बाई गं, जोरात दाबतात."

आईची पट्टी डोळ्यांसमोर आली, पट्टी सोडवताना ती पलीकडच्या भिंतीकडे बघायची, तसं ते बघणंही आलं. तेवढ्यात नर्सने दार किलकिलं करून यांच्या नावासकट माझं लांबलचक नाव पुकारलं. मी उठले नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. मी पेठवालीच्या हातात कार्ड कोंबलं.

"तू जा."

"म्या?"

"हो. काही नसतं गं, फोटो काढतात. नाव विचारलं तर माझं सांग."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "बाई, तुमी भ्याल्या."

"मी कशाला भिते? मला जरा बाथरूमला जायचंय. जा, जा, ती थांबलीय."

ती हसली. नर्स म्हणाली गळ्यातलं काढून ठेवा, तर तिने काळी पोत काढून माझ्या हातात दिली आणि पोपटी पदर सावरत माझ्या नावाने आत गेली. नर्सने फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर जुळला असावा.

ती पोत मी मुठीत धरून बसले होते. तिला चुलीच्या धुराचा आणि भांड्यांच्या पावडरीचा वास होता. मी स्वतःला काय सांगत होते ठाऊक आहे? बिचाऱ्या गरिबाची तपासणी होतेय, पुण्याचंच काम! एवढी थोर बाई मी.

ती बाहेर आली ती तोंडावर पदर धरून हसतच. "भाकर थापावी तशी थापली की ओ बाई, दोन काचांमधी. आन ती पोरगी इचारतीय किती! पोरं किती, कुठं झाली, दूध किती वरसं पाजलं."

"मग काय सांगितलंस?"

"खरं तेच. खोटं कशापायी बोलू? नाव तेवढं तुमचं."

आम्ही मिसळ खाल्ली. तिने दोनदा तर्री मागून घेतली. घरी आल्यावर यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." "दुखलं का?" "थोडंसं." संध्याकाळी मी गरम पाण्याची पिशवी छातीशी धरून सोफ्यावर बसले. नाटक करायचं तर पूर्ण करावं!

आठवड्याने ती गावी गेली. "आवणी उरकली का येते. नागपंचमीच्या आगंमागं," असं सांगून. दवाखान्याचं पाकीट त्यानंतर चारच दिवसांनी आलं, यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर.

हे भर दुपारी घरी आले. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. बूट न काढता पलंगावर बसले. आतल्या खोलीत बूट घालून आलेलं यांना मी प्रथमच पाहत होते.

"डाव्या बाजूला काहीतरी दिसलंय," हे म्हणाले. "परत बोलावलंय. लवकर या म्हणून लिहिलंय."

आता जे लिहिते ते लिहायला मला फार वर्षं लागली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, बरं झालं, ती मी नाही. अगदी सुटल्यासारखं वाटलं. मग तिचा चेहरा दिसला, तर्री मागणारा. आणि लगेच तिसरा विचार, कार्ड. दुसऱ्या बाईला आपलं कार्ड वापरायला दिलं म्हणून यांची चौकशी लागली तर? नोकरी गेली तर? क्वार्टर सोडायला लागलं तर?

मी गप्प बसले.

दोन दिवस गप्प बसले. यांनी रजा टाकली. चहा केला, त्यात गाळण्यातून सुटलेली पावडर तरंगत होती. धुतलेले कपडे घडी घालून ठेवले, तेही माझ्या साड्या शर्टासारख्या चौकोनी. माझी लेक तेव्हा अकरावीत होती, ती माझ्या मांडीत डोकं घालून हुंदके देत होती आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते, जणू मीच आजारी. तिकडे जिच्या छातीत काहीतरी होतं ती डोंगरात गुडघाभर चिखलात वाकलेली, इकडे मला बसल्या जागी कॉफी. दर तासाला वाटायचं, आता सांगते. यांची वाकलेली मान बघितली की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. आणि एक गंमत सांगते, ज्या बाजूला मी कधी बोट लावलं नव्हतं ती बाजू त्या दोन दिवसांत मी इतकी चाचपली की मला जागोजागी गाठी लागायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात निघायचं होतं. यांनी चष्मा लावला, पाकिटातले कागद क्रमाने लावायला घेतले. एका कागदावर थांबले.

"हे काय लिहिलंय? पाच बाळंतपणं. सगळी घरी."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते.

"आपल्याला दोन मुलं आहेत," हे म्हणाले.

"हो."

"दोन्ही दवाखान्यात. पोट फाडून."

"हो."

"मग बाकीची तीन कुठायत?"

एरवी आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो. मी रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. बाक, कार्ड, पोत, मिसळ, गरम पाण्याची पिशवीसुद्धा. आता हे ओरडणार, नोकरीचं काढणार, म्हणून मी अंग चोरून बसले. यांनी कागद पाकिटात परत घातले.

"तिला माहीत आहे?"

"नाही."

"दोन दिवस गेले," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "चप्पल घाल."

तिच्या घरी फोन असायचा प्रश्नच नव्हता. पाड्याचं नाव आणि 'आंब्याच्या मोठ्या झाडापून डाव्या अंगाला' एवढाच पत्ता माझ्याकडे. पेठपर्यंत एसटी, पुढे टपावरही माणसं बसलेली जीप, आणि जीपवाला ज्या ओढ्यापाशी थांबला तिथून पायी. मोठी आंब्याची झाडं त्या रस्त्याला तीन निघाली. प्रत्येक झाडाशी मी थांबून डावीकडे बघायचे. ती इथे नसलीच तर? दुसऱ्या गावी कामाला गेली असली तर? हे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन पुढे चालले होते. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

खाचरात दहाबारा जणी एका ओळीत वाकून रोपं लावत होत्या. डोक्यावर प्लास्टिकचे कागद, मागून सगळ्या सारख्याच. मी बांधावरून हाक मारली. ओळीतली एक सरळ झाली, कपाळावरचा चिखल मनगटाने पुसला.

"बाई? भांड्याला कोणी मिळंना व्हय, इथवर आल्या?"

सगळी ओळ हसली. मलाही हसू आलं असतं तर किती बरं झालं असतं. तिला बाजूला घेतलं.

"तुझ्या त्या फोटोत काहीतरी दिसलंय गं. परत बोलावलंय."

"फोटू तर तुमचा व्हता."

"नाव माझं होतं. आत तू होतीस."

तिचा हात आपसूक डाव्या काखेशी गेला. "हाय तिथं. चिंचोक्याएवढी. दोन वरसं हाय."

"दोन वर्षं! आणि बोलली नाहीस?"

"दुखत नाय तर काय बोलू? आन कोनाला बोलू? हितं नर्सबाई येते ती पोरांना सुई टोचाया, ती बी ओढा उतरला तर. तिला म्हनू, माझी छाती बघ?" मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमाला सांगावं असं आलं व्हतं मनात त्या दिवशी, बाकावं. पन तुमीच भ्याल्या व्हत्या."

इतकं लागेल असं मला आयुष्यात कोणी बोललं नाही, आणि तिला टोमणा मारायचाही नव्हता.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता चल. तर ती मान हलवून उभी. तिकडे आवणीला सावड करतात. आज एकीच्या खाचरात सगळ्यांनी लावायचं, उद्या दुसरीच्या. तिचं खाचर पहिल्यांदा लावून झालं होतं. आता बाकीच्यांची पाळी आलेली असताना तिने उठून जायचं म्हणजे पाड्यात तोंड दाखवायला जागा नाही. तिचा नवरा दुसऱ्याच्या खाचरात चिखल करायला लागलेला. "चार दिस थांबा," ती म्हणाली. "उपटलेलं आवण वाळून जाईल."

"अगं, पण तुझं काय?"

"दोन वरसं थांबली, चार दिसांनी काय व्हतंय?"

खाली रोपांच्या हिरव्या जुड्या पाण्यात पडलेल्या, ओळीतल्या बायका कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत थांबलेल्या. तेव्हा मागून यांचा आवाज आला. यांनी त्या ओळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारलं, "आजी, सावडीला घरटी एक माणूस लागतं ना? मग तिच्या घरून मी उभा राहतो."

म्हातारीने यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, वाकाया येतं का?"

"टेबलावर वाकून वीस वर्षं काढलीत."

बायका खिदळल्या. म्हातारीने एक जुडी यांच्या हातात फेकली. हे माझ्याकडे वळले, त्या दिवसातलं पहिलंच नीट वाक्य बोलले, "इथलं मी बघतो. डॉक्टरला जाऊन खरं सांगायचं काम तुझं आहे."

एसटीत ती खिडकीशी बसली होती. पायाच्या बोटांत चिखल वाळत होता. मधेच ती काखेपाशी हात नेई, मी बघतेय म्हटल्यावर काढून घेई. मी तिला धीर द्यायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. धीर देण्याचा माझा हक्क मिसळीबरोबर संपला होता.

डॉक्टरीणबाईंसमोर मी उभ्यानेच बोलले. त्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग असा आवाज चढवला की बाहेरच्या बाकावर सामसूम झाली. "तुम्हाला कळतंय का काही? हिची गाठ तुमच्या फाइलला! तुमची तपासणी करून मी म्हटलं असतं काही नाही, जा घरी. आणि ही तिकडे तशीच राहिली असती." मी मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी तिला तपासलं. हात धुताना मात्र हळू बोलल्या, "इतकी वर्षं मी इथे बसते. पेठकडची बाई या खोलीत पहिल्यांदा आली, आणि तीही दुसरीच्या नावाने."

त्यांनी नवा कागद घेतला. वर तिचं नाव लिहिलं, पाच बाळंतपणं खाली जशीच्या तशी उतरवली. कार्डावर तिचं पुढचं काही होणार नव्हतं, म्हणून सिव्हिलमधल्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. मग पेनाचं टोपण लावून माझ्याकडे बोट केलं. "आता तुम्ही. यंत्र चालूच आहे."

पळायला जागा नव्हती. मंगळसूत्राचा फासा मला सापडेना, तेव्हा तिनेच मागून तो सोडवला आणि मंगळसूत्र मुठीत धरलं. "जा बाई," म्हणाली, "भाकर थापत्यात, तेवढंच." आत मी डोळे मिटून उभी राहिले. दुखलं. थोडंसंच, मी यांना सांगितलं होतं तेवढंच. माझ्यात काही निघालं नाही.

सिव्हिलच्या ओसरीत दुसऱ्या दिवशी तिचं नाव पुकारलं तर ती जागची हलेना. तिसऱ्यांदा पुकारल्यावर मी तिला कोपराने ढोसलं. "अगं, तुझं नाव!" ती दचकून उठली. कॉलनीत सहा वर्षं तिला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती, मीही नाही. सुई घालून तपासायला घेतलं. निकालाला आठ दिवस लागले. ते दिवस ती आमच्याकडेच होती. भांडी घासू नको म्हटलं तरी घासायची, आणि भांड्यांचा आवाज थांबला की मी धावत मोरीपाशी जाऊन बघायचे. चौथ्या दिवशी हे परतले, कमरेत वाकलेले, बोटांची कातडी सोललेली. तिने विचारलं, "समदं लागलं का?" हे म्हणाले, "लागलं. माझी ओळ वाकडी आलीय, तुझ्या नावाने बोंबलतायत." कार्डाचं यांनी स्वतःच ऑफिसला लिहून दिलं. मेमो मिळाला. यांनी तो वाचून कपाटात ठेवला आणि मला कधी ऐकवलं नाही. मी ऐकवून घ्यायला तयार होते.

कॅन्सरच होता. पण चिंचोक्याएवढाच होता, पसरला नव्हता. ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली, केस गेले, तेव्हा पोपटी पदर डोक्यावर घट्ट बांधून ती ओसरीत बसायची. वर्षभर आम्ही प्रत्येक कागद उघडताना एकमेकींचा हात धरला. त्यानंतरच्या पावसाळ्यात ती आवणीला उभी होती. डावा हात पूर्वीसारखा उचलत नाही म्हणून शिव्या घालत, पण उभी होती.

पुढच्या वर्षापासून ती आवणीच्या आधी पाड्यातल्या बायका जीपमध्ये घालून सिव्हिलला आणायला लागली. पहिल्या वर्षी तिघी आल्या, त्यातली एक दारातून पळाली. नंतर जीप भरायला लागली. तरी परवा परवापर्यंत ती सांगत होती, पलीकडच्या डोंगरातून अजून कोणी उतरत नाही. आणलेल्या बायकांना धमकावायचं काम तिचं. माझं काम बाकावर बसायचं. ज्या आत जातील त्यांच्या काळ्या पोती माझ्या ओटीत. कोणती कोणाची हे माझ्याकडून एकदाही चुकलेलं नाही, वास वेगवेगळा असतो.

दर वर्षी शेवटची बाई आत गेली की ती माझ्या शेजारी टेकते, पाय ताणते आणि ओसरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारते, "बाई, औंदा तपासनी झाली का?"

"झाली गं."

"तुमचीच ना?"